सलामीसाठी थांबणारे आजोबा

अंकिता,
डोळ्यांपुढे आण बरं, एक मुलगी शाळेतून येते आणि घर रिकामं आहे. आजोबांना अचानक मिरजेच्या दवाखान्यात जावं लागलंय. कधी सोडतील ते डॉक्टरच सांगतील. आई संध्याकाळी येईल, भाकरी झाकून ठेवलीय. फौजेतल्या बाबांनी पाठवलेला, जपानी कार्टूनमधल्या मारामारीचा गेम आहे, पण समोर लढायला कुणी नाही. आजोबा लढायचे, पण तालमीत वाढलेले, कुस्तीसारखं आधी हात मिळवायला थांबायचे आणि तेवढ्यात लाथ खायचे. “आवं आज्जा, हितं सलामी नसती, हाणा की!” म्हणत ती लोळून हसायची.

आज ती थोडा वेळ एकटीच खेळली. मग उठली, कट्टी घेतलेल्या शेजारच्या मायाच्या दारात गेली आणि म्हणाली, “येतीस का गं खेळायला?”

– आज्जा