हाकेच्या अंतरावरून

काल्हेर
१२ जून २०२२

ती. गुणाआत्यांना, रीमाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नका. महत्त्वाचं बोलणं कागदावर करावं, फोनवर माणूस नुसतं हो हो म्हणतो आणि विसरतो, हा तुमचा नियम दीपेशने मला लग्नाआधीच सांगून ठेवला होता. तेव्हा पेन शोधण्यापासून सुरुवात केली.

आम्ही गावात राहायला यायचं म्हणतोय. सासऱ्यांचं घर बंदच पडलंय, आणि दीपेशला मानकोलीचं गोदाम इथून काय, तिथून काय, सारखंच. कारण विचाराल तर सांगते. मागच्या महिन्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका वारले. आम्हाला कळलं ते तेरावं झाल्यावर, तेही वॉचमनकडून. इतकी वर्षं समोरासमोर दारं! मी त्यांचं नाव विचारलं, तर तो म्हणाला, नाम तो नहीं मालूम, चार सौ दो वाले. देवेश पाच वर्षांचा झाला, आणि आमच्या मजल्यावरचं एकही माणूस त्याला नावाने ठाऊक नाही.

मग गावकीचे पुढारी काळूरामदादा यांच्या नातीच्या हळदीला गावात आलो. अंगणभर बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मी पाहुणीसारखी उभी. तुमच्या शेजारच्या हौसाकाकींनी हात धरून मला परातीपाशी बसवलं आणि म्हणाल्या, सुनबाय, बगत काय रायलीस, थाप. माझी भाकरी नकाशासारखी झाली. सगळ्या पोट धरून हसल्या, पण ती तव्यावर गेलीच. देवेश त्या दिवशी तीन घरांत जेवला आणि कुणाच्या तरी आजीच्या मांडीवर झोपून गेला. ती कुणाची आजी, मला अजून कळलेलं नाही.

मला माझं मूल असं वाढायला हवंय, आत्या. तुम्ही या म्हणालात तर पावसाळा संपला की येऊ.

तुमचा लोभ आहे हे माहीत आहे. थोडा आणखी मागते.
तुमची रीमा


दोणेवाडी, ता. भिवंडी
२० जून २०२२

चि. सौ. रीमा हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर बरं आहे, घाई फार आहे.

घर तुमचं, त्याला माझी परवानगी कशाला? मागच्या खोलीचं छप्पर गळतं आणि न्हाणीपाशी घुशीने बीळ केलं आहे. ती कामं आधी करून घ्या.

आता भाकऱ्यांचं. त्या बायका उद्या तुझ्याही घरी येतील. लग्नाला येतील, मयताला येतील, न बोलावता येतील. हे मी कमी लेखत नाही. माझे यजमान गेले आणि मी सत्ताविसाव्या वर्षी माहेरी परत आले, तेव्हा महिनाभर आमच्या घरात चूल पेटली नाही. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून भात यायचा. त्याच बायकांनी, मी भिवंडीच्या शाळेत शिकवायला जाऊ लागले तेव्हा, मी कोणत्या एस.टी.ने गेले, शेजारी कोण बसलं होतं आणि विधवा बाईला नव्या चपला कशाला लागतात, हे रोज संध्याकाळी आईच्या कानावर घातलं. माझी बी.ए.ची पदवी कुणी पाहायला मागितली नाही. चपला सगळ्यांनी पाहिल्या.

इथे मूल हरवत नाही, खरं आहे. पण इथे ते एकटं उभं राहायलाही शिकत नाही. गाव ज्या बाजूला मान वळवेल त्या बाजूला आपली वळते, आणि ती कधी वळली हे आपल्याला कळत नाही. तुमच्या वॉचमनला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नाही, म्हणजे त्याची जातही ठाऊक नाही. याचाही एकदा विचार कर.

एवढ्यावरही यायचं असेल तर या. मला आनंद होईल. तो माझ्या चेहऱ्यावर दिसणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आणि दुसरं मूल होईल तेव्हा बारशाला नाव ठेवायचा मान माझा, हे आत्ताच लिहून ठेवते. दीपेशला बहीण नाही. देवेशच्या कानातही मीच नाव सांगितलं होतं. मुलगी झाली तर नाव माझ्या मनात ठरलेलं आहे, ते तोवर कुणाला सांगणार नाही.

लोभ मागून वाढत नसतो, वागण्याने वाढतो. तो वाढू दे.
गुणाआत्या


दोणेवाडी
१० एप्रिल २०२३

ती. गुणाआत्यांना शि. सा. न. वि. वि.

नाशिकला तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे तुमच्या मैत्रिणीच्या फोनवरून कळलं. पत्र त्याच वाचून दाखवतील, म्हणून चेष्टा बेताने करते.

तुमच्या धमक्यांपैकी एकही खरी ठरली नाही, आत्या. घूससुद्धा निघून गेली. सहा महिन्यांत देवेश तळ्यात पोहायला शिकला, आमच्याशी बोलताना हाय-न्हाय करायला लागला आणि शनिवारी भजनात टाळ घेऊन बसतो. आणि बातमी अशी की मला दिवस गेलेत. तुम्हाला सांगायच्या आधी गावाला कळलं, त्याबद्दल रागावू नका. मी कुणाला काही बोलले नव्हते. नळावर जरा तोंड वाकडं केलं, तर दुपारी हौसाकाकी कैऱ्या घेऊन दारात!

एक निरोप आहे. मिलिंद आला होता, ओढ्यापलीकडच्या वाल्मीककाकांचा मुलगा, तुमचा विद्यार्थी. त्यांच्या त्या घरात दोन भावांचे संसार आता मावत नाहीत. त्याची बायको धम्मदिना भिवंडीत नर्स आहे, तिला शिफ्ट करून आल्यावर झोपायलाही जागा नसते. तुमच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने मिळतील का, असं विचारत होता. भिवंडीत खोली मिळते, पण गाव सोडायचं नाही म्हणाला, मुलगी इथेच वाढावी. अगदी माझ्या तोंडचं वाक्य! हे मी हौसाकाकींना सहज सांगितलं, तर त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, मास्तरीनबायला म्हनावा, नीट इचार कर. भाडं बुडेल असं त्यांना वाटत असेल.

काळा चष्मा घालून फोटो पाठवा. लोभ आता दोघांपुरता नको, येणाऱ्यालाही धरून असू दे.
तुमची रीमा


नाशिक
१७ एप्रिल २०२३

चि. सौ. रीमा हिस अ. उ. आ.

एका डोळ्याने लिहिते आहे, ओळी वाकड्या आल्या तर चालवून घे. बातमी वाचून बरं वाटलं. विहिरीवरून पाणी आणायचं नाही. फोटो मिळणार नाही.

मिलिंदला मी होकार कळवला. फोनवर कळवला, कारण यात कागदावर विचार करण्यासारखं काही नव्हतं.

हौसाला भाड्याची काळजी नाही. मिलिंदची माणसं ओढ्याच्या अलीकडे कामाला आली, मयताची खबर घेऊन आली, राहायला कधी आली नाहीत. एवढंच तिला म्हणायचं आहे. मिलिंदचा पणजा या गावात जन्मला. तो गावचा नाही, तर तू आणि मी कोण? वर्गात मी त्याला पहिल्या बाकावर बसवत होते. आज त्याला घराच्या पुढच्या खोलीत राहू द्यायला भ्याले, तर तो बाक खोटा ठरेल.

लोक तुला विचारतील. तू घरातली आहेस आणि नवी आहेस, म्हणून आधी तुलाच विचारतील. जे खरं असेल तेच सांग, आणि एकदाच सांग.

माझा लोभ तुझ्या पाठीशी आहे. पाठ ताठ ठेव.
गुणाआत्या


दोणेवाडी
२० नोव्हेंबर २०२३

ती. गुणाआत्यांना शि. सा. न.

हे पत्र दीपेश भिवंडीच्या पोस्टात टाकेल. आपल्या दोन घरांच्या मध्ये एक चिंच आणि हौसाकाकींचं अंगण आहे, आणि मी तुम्हाला तिकीट लावून पत्र पाठवते आहे. दारात येऊन बोलायचं धाडस नाही. फोन केला तर तुम्ही ठेवून द्याल.

मिलिंद जूनमध्ये राहायला आला, तेव्हापासून तुमच्या घरात गावातलं कुणी गेलं नाही. गणपतीत आरतीला तुम्ही आणि मिलिंदचं कुटुंब, एवढेच. मीही आले नाही. मोदक मागच्या दाराने पाठवले, ते तुम्ही परत केलेत. आत्या, कुणी कुणाला बंदी केलेली नाही. काळूरामदादा देवळात एवढंच म्हणाले, ज्याला जायचा हाय त्याने खुशाल जावा, मंग त्याच्या घरी कोन येतो ते त्याने बगावा. मला तेव्हा आठवा महिना होता. देवेशला खेळायला दुसरं कोण आहे? माझ्याकडे अडीअडचणीला कोण येणार होतं?

एक गोष्ट गावात कुणालाच सांगितली नाही, तुम्हाला सांगते. चार तारखेला मला भिवंडीच्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा ड्युटीवर धम्मदिना होती. मी घाबरून तिचा हात धरला तो बाळंत होईपर्यंत सोडला नाही. बाळाला पुसून माझ्या कुशीत पहिल्यांदा तिनेच ठेवलं. मुलगी झाली म्हणून माझ्याआधी ती हसली. गावाबद्दल एक शब्द बोलली नाही.

आता ती मंडळी महिन्याभरापूर्वी काल्हेरला राहायला गेली. मग भांडण उरलंय कशाचं? काळूरामदादा स्वतः आमच्याकडे येऊन गेले. मास्तरीन आमची मोठी बहीण हाय, म्हणाले. देवळात नारळ ठेवायचा आणि चारचौघांत एवढंच म्हणायचं, की चूक झाली. रविवारी बारसं आहे. सगळ्या बायका भाकऱ्या थापायला येणार आहेत. तुम्ही आलात आणि नारळ ठेवलेला नसला, तर त्या परातीवरून उठून जातील, असं हौसाकाकींनी मला सांगितलं. त्याही रडत होत्या.

माझ्या मुलीच्या कानात नाव तुम्हीच सांगावं असं मला वाटतं. एका नारळासाठी ते घालवू नका. आणि जमणारच नसेल, तर या वेळी येऊ नका.

लोभ कमी केलात तरी समजून घेईन. तोडू नका.
तुमची रीमा


दोणेवाडी
२३ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. रीमा हिस आशीर्वाद.

चिंचेपलीकडचं पत्र तीन दिवसांनी मिळालं. पोस्टमनने पाकीट दोनदा उलटून पाहिलं आणि मला विचारलं, बाई, पाठवणाऱ्याचा पत्ताही इथलाच ना? मी हो म्हटलं.

मुलगी झाली याचा आनंद आहे. तिचं रडणं मला खिडकीतून ऐकू येतं.

बंदी कुणीच केली नाही, हे बरोबर आहे. म्हणून तर ती मोडता येत नाही. कुणाला वाळीत टाकणं गुन्हा आहे, तो कायदा मला ठाऊक आहे. पोलिसांत जाऊन काय सांगू? अमकी बाई माझ्याकडे आरतीला आली नाही, असं? तिला कामं होती, म्हणेल. सगळ्या गावाला एकाच दिवशी कामं होती.

धम्मदिना गेली असं लिहिलंस. का गेली ते विचारलं नाहीस. गणपतीनंतर तिच्या मुलीचा वाढदिवस होता. मुलीने स्वतः घरोघर जाऊन पोरांना बोलावलं, अंगणात रांगोळी काढून घेतली आणि नवा फ्रॉक घालून ओट्यावर बसली. दिवे लागले तरी ती उठेना. देवेशही आला नाही. तो तुमच्या गच्चीवरून बघत होता. जाताना धम्मदिना मला म्हणाली, बाई, आता मला असं दार हवंय, की मी ते लावून घेतलं तर बाहेर कुणाला काही वाटणार नाही. तू ज्या इमारतींतून पळून आलीस, तिथे ती सुटकेचा निःश्वास टाकून गेली. आणि पंधरा दिवसांत तिने तुझा हात धरला. मीही धरला असता, पण तिची ती नोकरी होती म्हणून ती तुझ्याजवळ येऊ शकली, मी नाही.

नारळ मी ठेवणार नाही. एरवी मी देवळात शंभर नारळ ठेवले आहेत. हा ठेवला, तर तो त्या ओट्यावर बसलेल्या पोरीच्या डोक्यावर फुटेल. चूक झाली म्हणायला मी तयार आहे, पण मग कोणाची ते नावानिशी सांगेन, आणि ते काळूरामला ऐकवणार नाही.

रविवारी मी येणार नाही. तू येऊ नका लिहिलंस, म्हणून नव्हे. माझ्यामुळे बायका उठल्या, तर तुझ्या मुलीच्या पहिल्या दिवसाची तेवढीच आठवण उरेल. त्या थापू देत भाकऱ्या.

दीपेशला सांग, मागच्या दाराने औषधं ठेवून जाऊ नकोस. पुढचं दार दिवसभर उघडं असतं.

लोभाबद्दल काही लिहीत नाही.
गुणाआत्या


दोणेवाडी
२८ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. रीमा हिस आशीर्वाद.

बारसं छान झालं. पाहिलं नाही, पण माईक लावला होता, त्यामुळे काही चुकलं नाही. भाकऱ्यांचा थपथप आवाज सकाळपासून होता, पाळणा म्हटला तोही चांगला म्हटला. हौसाने आत्या होऊन कानात नाव सांगितलं आणि माईकवर 'ऋतिका' असं जाहीर झालं. चांगलं नाव आहे. मी ठरवलेलं नाव माझ्याजवळ राहील. ते तिचं होतं, दुसऱ्या कुणाला देणार नाही.

घुगऱ्यांचा डबा अंधार पडल्यावर मागच्या पायरीवर कुणीतरी ठेवून गेलं. कोण ते विचारत नाही. घुगऱ्या पाखरांना घातल्या. डबा धुऊन पाठवते आहे. रिकामा डबा परत करू नये असं आई म्हणायची, म्हणून साखर घातली आहे.

हे पत्र त्यासाठी लिहीत नाही. काल संध्याकाळी देवेश माझ्या दारावरून चालला होता, एकटाच, हातात बॅट. मी ओट्यावर होते. मी त्याला हाक मारली. ज्या नावाने मारली ते त्याच्या कानात मीच सांगितलं आहे. तो थांबला. आधी त्याने हौसाच्या अंगणाकडे पाहिलं, मग देवळाकडे पाहिलं, मग रस्ता मागे कुठवर मोकळा आहे ते पाहिलं. कुणी नाही असं बघून माझ्याकडे पाहून हसला. तेवढ्यात कुणाची तरी मोटरसायकल वळणावर आली, तसा त्याने हसू आवरलं आणि मला ओळखत नसल्यासारखा निघून गेला. त्याला हे कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. तुझ्यावर आरोप नाही.

तुझं पहिलं पत्र मी आज पुन्हा काढून वाचलं. त्याला तिथे मजल्यावरचं एकही माणूस नावाने ठाऊक नव्हतं, म्हणून तू त्याला इथे आणलंस. आता त्याला सगळं गाव नावाने ठाऊक आहे, आणि कुणासमोर कुणाला ओळख द्यायची नाही, तेही ठाऊक आहे. साडेसहा वर्षांचा आहे. तुला जसा वाढायला हवा होता, तसा तो इथे वाढतो आहे.

उत्तर पाठवायचं असेल तर पोस्टाने नको. दार पुढून उघडं आहे.

गुणाआत्या