बेळगोळचं धुकं

१३ डिसेंबर

विजयेंद्रचं नाक ठेचायचं. ठेचायचंच!

गेल्या वर्षी आमच्या कारखान्याच्या कॅलेंडरवर, जानेवारीच्या पानावर, माझा फोटो छापला. मोबाइलवर काढलेला, चामुंडीच्या डोंगराचा. खाली नाव त्याचं! सुपरवायझर ना तो. विचारायला गेलो तर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘दहावी नापास पॅकिंगवाल्याचं नाव छापायचं काय?’’ सगळे हसले. कोण कोण हसलं, लिहून ठेवलंय.

नव्या कॅलेंडरसाठी पुन्हा फोटो मागवलेत. आज एक छोटा कॅमेरा घेतला. जुना, पण खिशात मावतो.

१४ डिसेंबर

विजयेंद्रने कॅमेरा पाहिला. ‘‘एनप्पा, काय रे, कंपास पेटी आणलीस?’’

हस. हस तू.

१६ डिसेंबर

बर्फात फोटो काढणाऱ्या एकाचा व्हिडिओ पाहिला. तो म्हणतो, कॅमेरा गरम खोलीतून एकदम थंडीत नेऊ नये, आधी थंड होऊ द्यावा. म्हणून आज रात्रभर फ्रिजमध्ये — फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात. फ्रिज घरमालकीण गिरिजाबाईंचा.

‘‘अय्यो, दह्याशेजारी कॅमेरा? विरजण लावतोस काय रे?’’

१७ डिसेंबर

बेळगोळ, कालव्याचा काठ. सकाळी ६.४४. पारा १५ वर.

धुकं! पहिल्या सहा फोटोंत नुसतं धुकं. नारळीची झाडं दुधात बुडवल्यासारखी. दहा मिनिटांत विरलं. गंमत म्हणजे मला डोळ्यांनी एवढं दिसलं नव्हतं. कॅमेऱ्याला दिसलं. कंपास पेटी म्हणे!

२३ डिसेंबर

जानेवारीचं पान माझं! नावासकट. नाव तीनदा तपासून दिलं. विजयेंद्रचा फोटो बाद.

२४ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत आला. आवाज खाली. ‘‘जागा सांग ना.’’ सांगितली, खरीच. ‘‘सहाच्या आत पोच,’’ म्हटलं.

२७ डिसेंबर

तीन दिवस जातोय. धुकं नाही. खोकतोय. ‘‘साडेपाचला जाऊन बघ,’’ म्हटलं. कुडकुड अजून!

३० डिसेंबर

आजही गेला. आजही नाही. मला भूक छान लागते आहे.

३१ डिसेंबर

फ्रिजमधून डबा काढला. सहज टेबलाचा फोटो घेतला. टेबलावर धुकं. भिंतीवर धुकं. गिरिजाबाईंवर धुकं! भिंग पुसलं — पुन्हा पांढरं.

‘‘गार भांडं बाहेर काढलं की घाम सुटतोच रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एवढंही कळत नाही?’’

बेळगोळला धुकं नव्हतंच.

कुणाला सांगायचं नाही. कधीच नाही.

२ जानेवारी

नवं कॅलेंडर आज वाटलं. विजयेंद्र उभा राहिला, सगळ्यांसमोर. आधी खोकला. मग म्हणाला, ‘‘रोज पहाटे जातोय. मला नाही जमलं. याची नजरच वेगळी. गेल्या वर्षीचा फोटोही याचाच होता. मी माझं नाव लावलं.’’

कुणी हसलं नाही.

मग माझ्याकडे वळला. ‘‘उद्या मला सोबत ने. कसं काढतोस, दाखव.’’

हो म्हणालो.

२ जानेवारी, संध्याकाळ

डबा फ्रिजमध्ये ठेवला. काढला. परत ठेवला.

गिरिजाबाई आतून ओरडल्या, ‘‘लागलं काय रे दही?’’