कामी आला

ता. ११ फेब्रुवारी, रविवार, दुपार

ती. वहिनींना,
साष्टांग नमस्कार.

मी इथे ठीक आहे. तुमची कंबर कशी आहे? छोटी शाळेत रमली का? हा चौथा कागद. आधीच्या तिन्हींवर सवयीनं 'ती.'पुढे 'सौ.' लिहून गेलो. खोडलेलं पत्र तुम्हाला पाठवणं बरं दिसलं नसतं.

खोली लहान आहे, पण कोरडी आहे. छापखान्यात घड्या घालतो. मोठा कागद, तीन घड्या, सोळा पानं. बोलायची वेळ फारशी येत नाही. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्वतःचा आवाजही ऐकलेला नसतो. मग खाली जाऊन भाजीवाल्याला उगाच भाव विचारून येतो.

तुम्ही माझ्या कपड्यांत घालून पाठवलेली दादाची कादंबरी अखेर संपली. पाचशे बहात्तर पानं, पाच महिने. दादा म्हणायचा, पहिली तीनशे पानं दातओठ खाऊन वाच, मग तीच तुला सोडणार नाही. खरं सांगतो, दोनदा पेटीत टाकून दिली. गडाला वेढा, आतलं धान्य संपलेलं, पानोपानी उपासमार. वाचून जेवण जात नसे. रोज चार पानं आणि अडलेला शब्द वहीत, असं करत रेटली.

एक शब्द मात्र वहीत घेतला नाही, कारण तो मला येतो असं वाटलं. पान १३८ वर दोघा भावांपैकी 'थोरला बुरुजावर कामी आला' असं होतं. मला वाटलं, बरं झालं, उपयोगी पडला. पुढची दीडशे पानं मी त्याची वाट बघत होतो. त्याची बायको रडायची, तर मला तिचाच राग यायचा, नवरा एवढा कामाचा निघाला आणि ही रडत काय बसलीय. शेवटी छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या आजोबांना विचारलं. सगळे त्यांना काना-मात्रा म्हणतात. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे शहाण्या, कामी आला म्हणजे लढाईत मेला. तुझं शुद्धलेखन पक्कं आणि अर्थाच्या नावानं बोंब."

सगळे हसले. मीही हसलो. मग कागदाच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसलो.

वहिनी, दादाही कामी आला. माझ्या कामी आला.

बॉयलर फुटला त्या दिवशी पाळी माझी होती, हे तुम्हाला माहीत आहे. मला ताप होता, हे खोटं आहे. दोन दिवस झडपेतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि मी घाबरलो होतो. दादाला तो आवाज सांगितला असता तर ढोंग उघडं पडलं असतं, म्हणून सांगितला नाही. तो म्हणाला, "पड तू, मी जातो." तुम्ही माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलात. कपाळ गार होतं. तुमच्या हाताला ते कळलं असणार. त्यानंतरही तुम्ही काहीच बोलला नाहीत. ते मला सोसेना, म्हणून घर सोडलं. कामाचं निमित्त होतं.

कादंबरीतला धाकटा वेढ्यातून जिवंत सुटतो, पण घरी जायला धजत नाही. तीन पावसाळे भटकतो. मग एका सकाळी वहिनीच्या दारात उभा राहतो आणि बुरुजावर खरं काय घडलं ते सांगतो. ती त्याला क्षमा करत नाही. ऐकून घेते. मधे एकदाच म्हणते, सावकाश सांग. ते पान मी तीनदा वाचलं. एवढ्या अंधारातून लेखकानं आपल्याला का चालवलं, ते तिथे कळलं. दादा खरं बोलत होता.

पुढच्या रविवारी सकाळी येतो. मुक्कामाला नाही. लिहून सुटलो असं समजू नका. तुमच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून आधी कागदावर घातलं. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी कडी वाजवणार नाही. दुपारपर्यंत जिन्यात बसेन आणि परत फिरेन.

खाली 'तुमचा' लिहायची रीत आहे. ते लिहावं की नाही, हे तुम्ही ठरवा. जागा मोकळी ठेवली आहे.

________
दादाचा धाकटा भाऊ