चष्म्याचं पान

३ मार्च

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. घेणार असशील तर घे, नाहीतर पाकिटातच राहू देत.

पत्र बघून दचकली असशील. अकरा वर्षांत मी तुला एकच पत्र पाठवलं, तेही घराच्या कागदांवर सही मागायला. फोन केला की तू तो लेकीच्या हातात देतेस आणि ती बिचारी म्हणते, "मावशी, आई अंघोळीला गेलीय." इतक्या अंघोळी कोणी करत नाही. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक. गुडघे तेवढे बोलतात, बाकी घरात बोलायला कोणी नाही. छापखान्यातून पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. तीस वर्षं लाल पेन घेऊन लोकांच्या चुका काढल्या, आता घरी बसून कोणाच्या काढायच्या हा प्रश्नच आहे. माझ्या जागी एक नवी मुलगी आलीय, तिला शिकवते. परवा तिने विचारलं, "बाई, मुद्रितं वाचताना झोप येत नाही का?" म्हटलं, येते, पण चूक दिसली की उडते. ती हसली. मी विनोद केलेला नव्हता. माझं टेबल अजून तिथेच आहे, बांधणीवाल्यांच्या शेजारी. डिंकाचा वास आता घरच्या कपड्यांनाही येतो.

तिथे मला काय म्हणतात माहीत आहे? आगामी बाई. प्रकाशकाने त्या वर्षी एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझ्या कादंबरीचं नाव छापलं होतं, पुढे कंसात 'आगामी'. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ती ओळ असते. त्याची पुस्तकं आमच्याकडेच छापली जातात, त्यामुळे त्या पानाचं मुद्रितही माझ्याच टेबलावर येतं. मी ते तपासते, चूक नाही म्हणून सही करते आणि पुढे पाठवते. अकरा वर्षं.

पत्रास कारण की, प्रकाशक आता धंदा बंद करतोय. वय झालं, डोळे गेले. शेवटची तीन पुस्तकं काढायची म्हणतो. गेल्या आठवड्यात फोन आला, "महिनाअखेरपर्यंत कादंबरी द्या. नाही जमलं तर सांगा, निदान तो शब्द तरी काढून टाकतो." मी सांगितलं, शेवट लिहून तयार आहे, फक्त स्वच्छ प्रत व्हायची आहे.

तू म्हणशील, मग इतकी वर्षं काय झोपली होतीस का. झोपले नव्हते. पहिली तेरा प्रकरणं सात महिन्यांत झाली होती, तुला आठवतच असेल. दूध उतू जायचं, दारावरची घंटा ऐकू यायची नाही, चालता चालता वाक्यं सुचायची आणि रस्त्यात थांबून तिकिटाच्या पाठीवर लिहायचे. मग तो भर ओसरला. का ओसरला ते जाऊ दे. तेव्हापासून सगळे उपाय करून झाले. रोज दोनशे शब्द लिहायचे ठरवलं, तर शब्द मोजण्यातच जीव जायचा. कॅलेंडरवर लिहिलेल्या दिवसांना फुली मारायची म्हटलं. जुलैत चार फुल्या, ऑगस्टचं पान कोरं. टेबल भिंतीकडे वळवून पाहिलं, खिडकीकडे वळवून पाहिलं. नवं पेन आणलं. चार लोकांना सांगून ठेवलं, म्हणजे लाजेकाजेने तरी होईल. लाज वाटली, लिहून काही झालं नाही. वाचनालयात एक व्याख्याता आला होता. म्हणे, सातत्य ठेवा, प्रेरणा आपोआप मागे येते. मी पहिल्या रांगेत बसून ते लिहून घेतलं. त्या दिवशी तेवढंच लिहून झालं.

शेवटच्या, चौदाव्या प्रकरणाच्या माझ्याकडे एकोणीस सुरुवाती आहेत.

तर आता मुद्द्याचं. प्रकरण पाठवते, तू पूर्वीसारखी प्रत करून दे. माझं अक्षर तुझ्याशिवाय कोणाला लागत नाही. डीटीपीवाला तर म्हणतो, बाई, हे लिहिलंय की पेन चालतंय का ते बघितलंय? तुझं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. जुनं काही मनात धरून बसली असशील तर सोडून दे. मीही सोडलंय.

तुझ्या नवऱ्याच्या पाठीचं कसं आहे? भाचीला सांग, पुढच्या वेळी दुसरं काही कारण शोध.

उत्तराची वाट बघते.

ताई


१९ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही, पण तोंडपाठ झालंय:

"ताई, हाताला कंप सुटतो नि अक्षर राहिलेलं नाही. दुसरं कोणी बघ. ते चष्म्याचं पान काढून टाकलंस की ठेवलंस, एवढंच कळव."

पहिल्यांदा राग आला. कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि वरून रद्दीचा गठ्ठा ठेवला. दोन दिवसांनी काढलं. अक्षरं खरंच वाकडी झाली आहेत. 'ताई'चा काना ओळीखाली घसरलाय. मला वाटलं होतं, तू सूड म्हणून नाही म्हणशील आणि मग मला भांडता येईल. कंपाशी कसं भांडायचं?

'नि' मात्र तसाच आहे. लहानपणी मी तुझ्या वह्या तपासायची आणि प्रत्येक 'नि' खोडून 'आणि' करायची. तू रडायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'नि'च लिहायचीस. पुढे छापखान्यात तर तो नियमच निघाला. मला फार बरं वाटलं होतं.

चौदावं प्रकरण मी लिहिलेलं नाही. तुला खोटं लिहिलं, प्रकाशकालाही खोटं सांगितलं. हे लिहून झालं, आता बाकीचं लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण तसं काही नाही.

ते पान ठेवलंय. काढून टाकायची माझी काय बिशाद. का ते सांगते.

तू तेराव्या प्रकरणाची प्रत दिलीस ती मी न वाचताच प्रकाशकाकडे नेली. लोकांची मुद्रितं तीन तीनदा वाचणारी मी, स्वतःच्या पुस्तकाची प्रत उघडूनही बघितली नाही. तुझ्यावर विश्वास होता असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. नक्कल करणाऱ्याचं काय तपासायचं, असं वाटलं होतं. आठ दिवसांनी त्याने बोलावलं. म्हणाला, "बाई, लिहिता बरं. पण बरं लिहिणारे ढीगभर येतात. मी हे पुस्तक काढतोय ते या एका पानासाठी." आणि एकशे त्रेचाळिसावं पान माझ्यासमोर ठेवून स्वतःच मोठ्याने वाचू लागला. मी आ वासून ऐकत होते. आईचा मृत्यू मी लिहिला होता तो असा नव्हताच. माझ्या दीड पानात आई खिडकीतून मावळता उजेड बघत होती, मुलीचा हात धरून आयुष्याचं सार सांगत होती. आणि हा म्हातारा वाचत होता:

"आईने चष्मा मागितला. डोळे मिटलेलेच होते. मी तो रुमालाने पुसला नि तिच्या नाकावर ठेवला, काड्या कानांमागे नीट बसवल्या. ती म्हणाली, हां, आता कसं नीट ऐकू येतंय, बोल. नि मला बोलायला काही सुचेना. खोलीला खिडकी नव्हती, म्हणून मी भिंतीकडे बघत बसले."

वाचून झाल्यावर त्याने स्वतःचा चष्मा काढून पुसला. मला म्हणाला, "हे बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. आईजवळ तुम्हीच होतात ना?"

मी हो म्हटलं.

धाकटे, मी हो म्हटलं. तिथल्या तिथे सांगता आलं असतं, हे माझ्या बहिणीने लिहिलंय. चार शब्द होते. मी लाजल्यासारखं करून खाली बघितलं, त्याने चहा मागवला आणि जाहिरातीचा मजकूर लिहून घेतला.

त्याच दिवशी मी तुझ्याकडे आले. तू दार उघडताच विचारलंस, "काय म्हणाले?" आणि मी काय म्हणाले ते तुलाही पाठ असेल. "तुला नक्कल करायला दिलं होतं, अक्कल चालवायला नाही." पानं टेबलावर आपटली. तुझ्या चुकांमुळे माझी शोभा झाली, असंही म्हणाले. तू आत गेलीस. तुझी लेक दारातून बघत होती. माझी शोभा वगैरे काही झाली नव्हती. कौतुक झालं होतं, तुझं, आणि ते मी घेऊन आले होते.

यमक तर किती छान जुळलं होतं. अकरा वर्षांत माझ्या तोंडून इतकं चपखल दुसरं काही निघालेलं नाही.

आईचं राहिलंच. ती नऊ दिवस दवाखान्यात होती आणि मी पहिल्या दिवशी एकदाच येऊन गेले. नंतर तिची खोली बदलली, हे मला तुझ्या पानावरून कळलं. तू रोज फोन करायचीस आणि मी म्हणायचे, प्रकरण रंगात आलंय, उद्या येते. लोकांना मी सांगत आलेय की केवढा योगायोग, मी आईचा मृत्यू लिहीत होते आणि तिकडे आई गेली. योगायोग कसला. ती जाणार हे मला माहीत होतं. समोर बसून बघायची हिंमत नव्हती, म्हणून घरी बसून लिहून टाकला, आणि हवा तसा लिहिला. तू बघितलास, तू लिहिलास. लिखाणाचा तो भर, ती सुचणारी वाक्यं, ते उतू जाणारं दूध, सगळं दवाखान्यात न जाण्यासाठी होतं. आई गेली आणि पळायचं कारणच उरलं नाही. मग प्रेरणा कुठून येणार?

बरं, तरीही मी चौदावं प्रकरण लिहिलं असतं. प्रकरणं पाडता येतात, मला कसब आहे. पण दर वेळी बसले की ते पान आठवायचं. पुढचं सगळं त्या पानाच्या तोडीचं हवं, नाहीतर म्हातारा ओळखणार, ही बाई ती नव्हे. एकोणीस सुरुवाती केल्या. एकीत तर मुद्दाम 'नि' घालून बघितला. वाचताना मलाच माझी कीव आली.

तुझ्यावर अजून राग आहे, तेही लिहून टाकते. ते पान माझ्यासमोर का नाही ठेवलंस? ताई, तू लिहिलंस ते खोटं आहे, असं तोंडावर सांगायचं होतंस. मी आरडाओरडा केला असता, पण कळलं तरी असतं. गुपचूप आत सरकवून दिलंस आणि मला वाचायला लावलंस परक्याच्या तोंडून. आणि त्यानंतर तू एक ओळ लिहिली नाहीस, असं भाची सांगत होती. वाणसामानाची यादीसुद्धा तिलाच लिहायला सांगतेस म्हणे. हाताचा कंप कधी सुरू झाला ते तिला विचारलं, तर म्हणाली, दोन वर्षं झाली. मग आधीची नऊ वर्षं काय होतं, ते मला विचारावं लागलं नाही.

काल प्रकाशकाकडे जाऊन सगळं सांगितलं. त्याने समोरच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. मग म्हणाला, "मग इतकी वर्षं मी आगामी म्हणून छापत कोणाची होतो?" मी तुझा पत्ता लिहून दिला. त्याने कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि खिशात ठेवला. जूनपर्यंत थांबतो म्हणाला. मला बस म्हणाला नाही.

सोबतच्या गठ्ठ्यात तेरा प्रकरणं आहेत. माझ्या एकोणीस सुरुवाती पाठवत नाही, त्या फाडल्या. शेवट तू लिही. हा माझा मोठेपणा नाही, उगाच तसं समजू नकोस. मला तो लिहिता येत नाही, एवढंच. हात चालत नसेल तर तू सांग, भाची उतरवून घेईल. या वेळी नक्कल तिची. नाव तुझं पडेल, तसं त्याला लेखी दिलंय. मधली माझी पानं खोटी वाटली तर काढ, विचारत बसू नकोस. आणि काहीच करायचं नसेल तर गठ्ठा परत पाठव, मी त्या शेवटच्या पानावरून तो शब्द काढायला सांगेन. तेवढी दुरुस्ती मला येते.

लिहिलंस तर मुद्रितं मीच वाचणार. निवृत्त झाले तरी एवढं एक काम मागून घेतलंय. लाल पेन आहेच. तुझ्या एकाही 'नि'ला हात लावणार नाही.

चुकलेली नि तुझीच,
ताई