अण्णांच्या शेजारची जागा

जामखेड,
ता. १६ जानेवारी १९७३

चि. केशर हिस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. विहिरीने तळ गाठला, टँकरची वाट बघतो. तिळगूळ पाठवला आहे, वसतिगृहात सगळ्या जणी वाटून खा. तुझ्या अण्णांची तब्येत बरी आहे. जेवण जरा कमी झालंय, इतकंच.

साप्ताहिकातला तुझा लेख पोचला. कोणत्या आमदाराने विधानसभेत कशाला ‘हो’ म्हटलं, कशाला ‘नाही’, ते मोजून तू सगळ्यांना एका रेघेवर बसवलंस. जमीन वाटा म्हणणारे पहिल्या टोकाला, धरून ठेवणारे शेवटच्या. हुशार आहेस बाई. स्वतःच्या आमदार बापालाही सोडलं नाहीस.

गावात ते साप्ताहिक कोणी घेत नाही. लेकीचं नाव छापून आलं म्हणून अण्णांनीच पारावर मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता स्वतःचं नाव आलं, शेवटून दुसरं, आमदार राधाकृष्ण पाटलांच्या शेजारी. तरी थांबले नाहीत, पुरतं वाचलं.

संक्रांतीला पाटील हसत घरी आले. म्हणाले, आपण एकाच पंगतीतले निघालो की. पुंजाराम मात्र आला नाही. त्याला गुंठाभर जमीन नाही, पण इतकी वर्षं आमच्या घरातला पहिला तिळगूळ त्याच्याच हातावर पडायचा.

कुणी किती जमीन ठेवावी त्या बिलाला दोघांनीही ‘नाही’ म्हटलं, हे खरं. पाटलांनी, फार जमीन जाईल म्हणून. अण्णांनी, फारच थोडी जाईल म्हणून. भाषणात तसं बोललेही होते, मी वर गॅलरीत बसून ऐकलंय. तुमच्या मोजणीत भाषण धरत नाहीत का गं?

संपादकांना लिहा म्हटलं, तर म्हणाले, “पोरीनं खोटं काय लिव्हलं? न्हाई म्हनलो हुतो ना मी? तिला खाली बघायला लावू नगं.” कात्रण अजून त्यांच्या खिशात आहे.

मला राग आला आहे, लपवत नाही. शनिवारच्या एस.टी.ने ये आणि त्याच पारावर, पुंजारामसमोर, अण्णांनी ‘नाही’ का म्हटलं ते तुझ्या तोंडाने सांग. मी लिहिलंय हे अण्णांना ठाऊक नाही.

रेघ तुझी, ती तू खुशाल आख. पण त्यांच्या शेजारी पाटलांना बसवलंस, ती जागा माझी आहे.

शनिवारी स्टँडवर उभी असेन,
तुझी आई