एका हाताने उघडणारे बक्कल परत न करण्याबाबत

दिनांक : १८ मार्च १९७४

प्रति,
मा. नमुना परीक्षण अधिकारी,
लघुउद्योग नमुना परीक्षण कक्ष,
सोलापूर.

अर्जदार : रेवणप्पा सिद्धप्पा माळगे, वय वर्षे ५३, धंदा नेवारीचे पट्टे शिवणे, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर.

विषय : पितळी बक्कल सात दिवसांत परत करण्याच्या आपल्या हुकुमाबाबत खुलासा, व ते परत न करण्याबाबत.

संदर्भ : १) माझा मूळ अर्ज, दि. ८ ऑक्टोबर १९७३. २) त्यावर आपण वेळोवेळी काढलेले आक्षेप. ३) आपली नोटीस, दि. १२ मार्च १९७४.

महोदय,

वरील शब्द अर्जात लिहावाच लागतो, म्हणून लिहिला आहे. त्यातून अधिक अर्थ काढू नये.

१. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की, दि. ९ मार्च रोजीच्या कारागीर मेळाव्यात मी व्यासपीठावर चढून ‘शासनाच्या ताब्यातील नमुना व अधिकाऱ्याचा खाजगी पट्टा’ सर्वांसमक्ष हिसकावून नेला. यातील ‘सर्वांसमक्ष’ हा शब्द बरोबर आहे. ‘हिसकावून’ चूक आहे. बक्कल अंगठ्याने हलके दाबताच उघडले. ते तसेच उघडावे म्हणून मी चौदा महिने खपलो होतो, आणि तेच मी आपल्या कार्यालयाला पाच महिने सांगत होतो.

२. आपण माझा मूळ अर्ज वाचलेला नाही, अशी माझी खात्री आहे. वाचला असता तर आक्षेप तरी शहाणपणाचे निघाले असते. म्हणून हकीकत पुन्हा लिहितो. सन १९६४ मध्ये येथील एका गिरणीत कार्डिंग खात्यात काम करीत असताना माझा डावा हात कोपराखाली गेला. त्या जागी लाकडी हात व लोखंडी आकडा बसवून मिळाला. आकड्यात नेवारीची जाड सुती पट्टी अडकवायची व उजव्या हाताने टाके घालायचे, अशा रीतीने मी दप्तरांचे, ट्रंकांचे व होल्डॉलचे पट्टे शिवून पोट भरतो. हा लाकडी हात दंडावर एका पट्ट्याने आवळून बांधावा लागतो. साधे बक्कल एका हाताने आपल्याच दंडावर आवळता येत नाही. पट्टा ओढून धरावा तर काटा भोकात घालायला दुसरा हात लागतो, आणि दुसरा हात असता तर पट्टा लागलाच नसता. हे समजायला परीक्षा पास व्हावी लागत नाही. बहुधा पास झाल्यामुळेच आपल्या कार्यालयाला ते समजत नसावे.

३. सात वर्षे हा पट्टा माझी पत्नी रुद्राणी बांधत असे. रोज सकाळी चूल पेटवली की ती हाक मारी, आणि पट्टा आवळताना म्हणे, “आता कुटं पळताय? माझ्याबिगर तुमचा हात बी हलत न्हाय.” सन १९७१ च्या श्रावणात ती तापाने वारली. तिचे म्हणणे खरे निघाले. मला तिची आठवण दिवसभर येतेच, पण सकाळी पट्टा हातात घेतला की ती सोसवत नाही. ही बाब कार्यालयीन नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु बक्कल त्यामुळे झाले, म्हणून लिहिली.

४. त्यानंतर शेजारी मल्लप्पा मदतीला आले. ते गिरणीत पहिल्या पाळीला जातात, म्हणजे भोंग्याच्या आधी मी त्यांच्या दारात हजर पाहिजे. “रेवणप्पा, हात पुडं करा की, उशीर व्हतोय,” असे ते म्हणत. ते चांगल्या मनाचे गृहस्थ आहेत, आणि म्हणूनच जास्त लाज वाटे. त्यांची पाळी बदलली की माझे कामही बदले. संध्याकाळी ते येईपर्यंत दंड सुजला तरी हात अंगावरच राही. पन्नाशीच्या माणसाने भाकरीसाठी नव्हे, तर काम करता यावे म्हणून रोज दुसऱ्याच्या दारात हात पुढे करायचा, हे मला सहन होईना.

५. म्हणून मी दोन भागांचे बक्कल केले. एका भागाला पितळी जीभ, दुसऱ्याला खाच, व खाचेत गिरणीतल्या मोडक्या धोट्याची स्प्रिंग. पट्टा एकदाच बेताने आवळून ठेवायचा, हात आत घालायचा, आणि जीभ खाचेत ढकलायची. ती ‘कट’ करून बसते. सोडायला अंगठा दाबला की दोन्ही भाग सुटे. पट्टा जुना झाला तर बक्कल काढून नव्या पट्ट्यात घालता येते, शिवण नाही. पितळ धरायला व कानस मारायला पेठेतले कुंडलिक तांबट बसले. ते दिवाळीनंतर कायमचे लेकीकडे राहायला गेले, त्यामुळे दुसरे बक्कल होऊ शकले नाही. एकट्याने दोन तुकडे कानसून पाहिले, दोन्ही वाया गेले. हे बक्कल मी आठ महिने दंडावर वापरले. त्या आठ महिन्यांत मी कोणाच्याही दारात उभा राहिलो नाही.

६. अकलूजकडचे रावजी नावाचे एक गृहस्थ, त्यांचा उजवा हात उसाच्या चरकात गेला, ते बाजाराला सोलापुरास आले असता त्यांनी माझ्या दंडावर ते पाहिले. पाच-सहा वेळा उघडले, लावले, आणि म्हणाले, “मला बी असंच पायजे. सून बांधती, पर तिचा जीव लई अवघडतो.” त्यांना मी शब्द दिला. अशी आणखी माणसे असतील, सरकारी मान्यता मिळाली तर एखादा कारखानदार बक्कल करील, या वेडगळ समजुतीने मी आपल्या कार्यालयाची पायरी चढलो. तेथे मला सांगण्यात आले की, नमुना मूळ स्वरूपात जमा करावा, दोन दिवसांत परत मिळेल. मी दंडावरून काढून टेबलावर ठेवले व पुन्हा मल्लप्पांच्या दारात गेलो.

७. त्यानंतरचे आक्षेप आपल्या दप्तरी आहेतच. तरीही, आपल्याकडे कागद सापडण्याची रीत नसल्यामुळे, येथे देतो.

पहिला आक्षेप असा की, बक्कल लावलेले असताना ती एक वस्तू आहे व सोडल्यावर दोन वस्तू होतात. सबब दोन अर्ज करावेत. मी दोन अर्ज केले. तेव्हा विचारणा झाली की, नमुना जमा करतेवेळी बक्कल लावलेले होते की सोडलेले, याचा दाखला जोडावा. तो कोणाकडून आणायचा, हे कळवण्यात आले नाही.

दुसरा आक्षेप अंगठ्याचा. पुरुष अर्जदाराने डाव्या हाताचा अंगठा उठवावा, असा नियम निघाला. मी मराठी चार इयत्ता शिकलो आहे, सही करतो, असे सांगितले. चौकट अंगठ्याची आहे, सही चालणार नाही, असे उत्तर मिळाले. उजवा अंगठा देऊ केला, तर तो स्त्रियांचा आहे, असे सांगण्यात आले. अखेर मी सरकारी डॉक्टरांचा दाखला आणला की, अर्जदारास डावा हात कोपराखाली नाही. तो दाखला आपल्या सहीने परत आला. त्यावर शेरा होता : ‘अंगठ्याचा स्वतंत्र उल्लेख नाही.’ महोदय, हा शेरा मी जपून ठेवला आहे. मन उदास झाले की काढून वाचतो. आपल्यासारखी माणसे सरकारला कोठे सापडतात, याचे मला खरोखर कुतूहल वाटते.

तिसरा, परीक्षण अहवाल. त्यात लिहिले आहे की, ‘सदर बक्कल परीक्षकाने दोन्ही हातांनी उघडून पाहिले. नेहमीच्या बक्कलपेक्षा विशेष सोय आढळून आली नाही.’ पोहणाऱ्याला विहिरीचा दोर नको असतो, म्हणून बुडणाऱ्यालाही नको, असेच हे झाले. मी विनंती केली की एका हाताने पाहावे. तेव्हा आपल्या शिपायाने, तो करकंबचा आहे, मला बाजूला घेऊन समजावले, “दात हायेत न्हवं तुमाला? मग दातानं वडा की. उगं सायबांच्या डोक्याला ताप.” तो आपल्यापेक्षा बरा. त्याने उपाय तरी सुचवला. मी दाताने ओढून पाहिलेलेच आहे. पुढचा एक दात त्यातच हलला.

८. जानेवारीत मी नमुना परत मागितला. कळले की तो गहाळ आहे. पुढच्या आठवड्यात कळले की तो गहाळ नाही, ‘वापर-परीक्षणाखाली’ आहे. वापर कोण करीत आहे, हे सांगण्यात आले नाही. माझ्यासारखा एखादा थोटा माणूस शोधून त्याला दिले असेल, म्हणून मी गप्प बसलो. इतका भाबडेपणा या वयात शोभत नाही, हे कबूल करतो.

९. दि. ९ मार्चच्या मेळाव्यात पाहुणे म्हणून आलेल्या आपल्या वरिष्ठांना हार घालण्यासाठी एक अपंग कारागीर पाहिजे होता, म्हणून मला बोलावणे आले. ज्या कार्यालयाला माझा हात नसल्याचे पाच महिने पटत नव्हते, त्याला हारापुरते ते पटले. मी हार घेऊन व्यासपीठावर गेलो. आपण भाषण करीत होता. विषय होता, स्थानिक कारागिरांच्या कल्पकतेस उत्तेजन. बोलता बोलता आपण कोट मागे सारून कमरेवर हात ठेवला, आणि टेरिलीनच्या पँटवर, आपल्या पोटाच्या बरोबर खाली, माझे बक्कल दिसले. जिभेवर मी कानशीने ‘रु’ हे अक्षर कोरलेले आहे. ते माझ्या पत्नीचे अक्षर आहे. पाच महिने ते आपल्या पोटाखाली होते.

मला त्या क्षणी राग आला, असे लिहिले तर कमी होईल. आपल्या कार्यालयात या बक्कलची सोय फक्त आपल्या पोटाला समजली. जेवण झाले की अंगठा दाबायचा, साहेब मोकळे. दोन हात धडधाकट असलेल्या माणसाने दोन घास जास्त खाता यावेत म्हणून ते घेतले, आणि मी पाच महिने भोंग्याआधी दुसऱ्याच्या दारात उभा.

१०. पुढे जे घडले ते असे. मी हार टेबलावर ठेवला, कारण मला हात एकच आहे. पाहुण्यांनी हाराची वेळ झाली असे समजून उठून नमस्कार केला, आपणही दोन्ही हात जोडलेत. मी पुढे होऊन उजव्या अंगठ्याने जीभ दाबली. बक्कल उघडले. पट्टा ओढला, तो निघून आला. आपले जोडलेले हात ताबडतोब सुटून पँटकडे गेले, व कार्यक्रम संपेपर्यंत तेथेच राहिले. दोन हात असूनही माणसाची पंचाईत होऊ शकते, हे आपल्याला प्रथमच कळले असावे. पाहुण्यांनी विचारले, हे काय चालले आहे. मी म्हणालो, “परात्यक्षिक हाय सायेब. एका हाताचं.” सभागृहात दोनशे माणसे होती. आपल्या परीक्षण अहवालापेक्षा ही नोंद अधिक लोकांनी वाचली, असे समजावे.

११. सबब माझे म्हणणे असे. माझा मूळ अर्ज, त्याचा दुसरा भाग, व दोन्हींची जोडपत्रे मी मागे घेतो. आपली मान्यता मला नको. ज्या बक्कलला आपण मान्यता द्याल, त्याच्याकडे मी संशयानेच पाहीन. रावजींसाठी मी माझ्या बक्कलवरून मातीचा साचा केला आहे, ओतीव काम जमेल असे एक कासार म्हणाले आहेत. आपला पट्टा आपला आहे, तो सोबत परत करीत आहे. कातडे चांगले आहे, मात्र त्याला आता दुसरे बक्कल शोधावे लागेल.

१२. आपण लिहिले आहे की, सात दिवसांत नमुना जमा न केल्यास पोलिसांत कळवण्यात येईल. अवश्य कळवावे. तथापि मी हट्टी माणूस नाही. सोबत माझा जुना नेवारीचा पट्टा साध्या बक्कलसह पाठवीत आहे. आपण डावा हात कोटाच्या खिशात घालावा, आणि उजव्या हाताने हा पट्टा आपल्या डाव्या दंडावर काम करता येईल इतका घट्ट बांधून दाखवावा. साक्षीला शिपाई चालेल. दात वापरल्यास माझी हरकत नाही. तेवढे जमले, तर त्याच दिवशी पितळी बक्कल आपल्या टेबलावर आणून ठेवीन व पोलिसांनाही त्रास पडणार नाही. अट एकच आहे. पट्टा बांधताना घरातून वहिनींना हाक मारू नये. मी हाक मारतो, पण कोणी येत नाही.

कळावे.

आपला, या कागदापुरता, नम्र,

रेवणप्पा सिद्धप्पा माळगे
(सही उजव्या हाताने, स्वतः)

सोबत :
१) कातडी पट्टा, बक्कलशिवाय, एक.
२) नेवारीचा पट्टा, साध्या बक्कलसह, एक.