लेनिनच्या पायाखाली आई

व्हार्नुपे, लिथुआनिया
९ ऑक्टोबर १९९८

प्रिय आजीस,
उग्नेचा सा. न. वि. वि.

संग्रहालयातली नोकरी बरी आहे. काल मागची कोठी साफ करताना ताडपत्रीखाली कोण सापडावं? चौकातला लेनिन, चौथऱ्यासकट! आम्ही खूप हसलो. मग चौथऱ्याच्या मागे कोरलेलं नाव दिसलं: बार्बोरा गाइलियेने. आजी, ही तुझी आई ना? संचालकबाईंना विचारते.

तुझी,
उग्ने

१४ ऑक्टोबर

चि. उग्नेस,
आजीचे अ. आ.

आईच ती, आणखी कोण! रशियनांच्या राज्यात रस्त्यासाठी कबरस्तान उकरलं, कबरींवरचे दगड ट्रकात घालून नेले. विचारायला गेले तर म्हणे हरवला. दगडाला काय पाय फुटले? आणि दर मे दिनाला डेअरीवाले आम्हा कामगारांना रांगेनं चौकात नेत. म्हणजे मी आईच्याच दगडावर फुलं वाहिली, तीही त्या मेल्याला!

मृतांच्या दिवशी मी अंदाजानं गवतात मेणबत्ती लावते. कुणाच्या उशाशी लावते, देव जाणे. यंदा दगड हवा. शेजारचा चिकटू व्हिताउतास तो आणायला ट्रॅक्टर देतोय. डिझेलचं बोललासुद्धा नाही, म्हणजे बघ.

आजी

२१ ऑक्टोबर

प्रिय आजीस, सा. न.

बाई नाही म्हणाल्या. पुतळा नि चौथरा मिळून एकच स्मारक, आता तो नोंदलेला वारसा, हलवता येत नाही. नवा दगड घडवा म्हणाल्या. मी भांडले, तर नोकरी नवीन आहे याची आठवण दिली. मृतांच्या दिवशी तो दालनात मांडतायत, पाठ भिंतीला. ओल येते सांगून मी तो थोडा पुढे ओढवून घेतलाय. मागे एक माणूस मावेल. एवढंच जमलं. रागावू नकोस.

उग्ने

२६ ऑक्टोबर

चि. उग्नेस, अ. आ.

नवा दगड तिच्या स्वतःच्या आईला घडव म्हणावं!

मी त्या दिवशी सकाळच्या बसनं येते. तू ओळख दाखवू नकोस, नोकरी सांभाळ. लेनिनच्या पुढ्यात आयुष्यभर उभी राहिले, आता मागे बसेन. दगडाशी मेणबत्ती लावेन. आत जाळ चालत नाही म्हणत तुमच्या बाई धावत येतील. येऊ देत. आधी त्यांनी आईचं नाव मोठ्यानं वाचायचं, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं. मग खुशाल फुंकर मारायची.

मी मेणबत्त्यांचा पुडाच घेऊन येतेय.

लोभ तुझ्यावर आहेच. राग बाईंसाठी ठेवलाय.

तुझी आजी,
गेनोवाइते